सिस्टर, मी थेट सायकियाट्रीला जाऊ का?

दर महिन्याला या पानावर मी जास्त करून पेशंटच्या घरच्यांना उत्तरं देते, पण या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं नुकत्याच पास झालेल्या नर्सेसची निघाली, म्हणून हे अख्खं पान त्यांनाच दिलंय. मी मुंबईत २३ वर्षं मानसिक आजारांच्या वॉर्डात काम केलंय, आधी सरकारी मग खाजगी, आणि या कामावर माझा फार जीव आहे, त्यामुळे काही ठिकाणी लांबण लागली असेल. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

सिस्टर, मी डोंबिवलीची. बीएस्सी नर्सिंग झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशनपण हातात आलंय. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, एक मोठ्या हॉस्पिटलचं मेडिकल आयसीयू आणि दुसरा एका खाजगी हॉस्पिटलचा तीस बेडचा सायकियाट्री वॉर्ड. थर्ड इयरला ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग होती तेव्हापासून माझं मन तिकडेच आहे. तिथल्या एक आजी रोज माझी वेणी घालून द्यायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि आठव्या दिवशी अचानक स्वतःच्या मुलाचं नाव सांगितलं. पण आमच्या मॅडम म्हणतात आधी दोन वर्षं मेड-सर्ज (मेडिसिन-सर्जरीचे वॉर्ड) कर नाहीतर हाताची सवय जाईल, मैत्रिणी म्हणतात सायकियाट्रीत नुसतं बसायचं आणि गोळ्या वाटायच्या, आणि मामा म्हणाला वेड्यांच्या दवाखान्यात जायला एवढी फी भरली का. काय करू?

अगं, आधी त्या आजींचं बोलू. सात दिवस तू गप्प बसून डोकं त्यांच्या हातात दिलंस आणि आठव्या दिवशी त्या बोलल्या. मैत्रिणी ज्याला नुसतं बसणं म्हणतायत ना, ते हेच. ते जमायला काहींना वर्षं लागतात आणि काहींना कधीच जमत नाही, तुला विद्यार्थी असताना जमलं, हे लक्षात ठेव.

आता मॅडम म्हणतात ते. हाताची सवय जाते हे अर्धं खरं आहे. शीर शोधणं, एबीजी (तपासणीसाठी धमनीतलं रक्त) घेणं हे रोज केलं नाही तर हात जडावतो, माझाही जडावला होता, आणि परत मेडिसिनला बदली झाली तेव्हा दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला. पण सायकियाट्रीच्या पेशंटला शरीर नसतं असं समजणारी नर्स मात्र मला वॉर्डात नको असते. दारू सोडवायला आणलेला माणूस घे. शेवटची कधी घेतली विचारलं की घरचे म्हणतात 'काल बहुतेक', आणि ते बहुतेक तुला खोदून काढावं लागतं, कारण थरथर पहिल्या दिवसातच सुरू होते, फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, आणि सगळ्यात मोठा धोका, म्हणजे डेलिरियम (भान सुटून भास होणं), साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मधे. घामाने सदरा भिजलाय, भिंतीवर किडे चालतायत म्हणतोय, नाडी पळतेय, ही सगळी मेडिसिनचीच इमर्जन्सी असते फक्त वॉर्डाच्या दारावर पाटी वेगळी. तिथे ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) गेलं का हे बघणारी तूच असतेस. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीवरचा पेशंट घसा दुखतोय, कणकण वाटतेय म्हणाला तर ते साधं सर्दीपडसं म्हणून सोडायचं नसतं, डॉक्टरांना सांगून पांढऱ्या पेशी तपासायला रक्त पाठवायचं असतं. त्याच गोळीवर चार दिवस पोट साफ झालं नाही तर तेही तितकंच गंभीर. हॅलोपेरिडॉल या भास-संशयावरच्या औषधाच्या इंजेक्शननंतर मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर चढले तर तो नाटक करत नसतो, त्याला त्या क्षणी औषध लागतं.

एक प्रसंग सांगते म्हणजे नुसतं बसणं किती महागात पडलं असतं ते कळेल. मे महिना होता. आमच्याकडे लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असलेल्या एक बाई, डिस्चार्जला आलेल्या, दोन दिवसांच्या रजेवर भाचीच्या हळदीला ठाण्याजवळच्या दिव्याला घरी गेल्या आणि सोमवारी परत आल्या. रजेवर जायच्या आधी त्या रोज संध्याकाळी मावशींबरोबर चहाचा ट्रे घेऊन सगळ्या बेडना चहा द्यायच्या, एक थेंब सांडायचा नाही. बोटांना बारीक थरथर होती, ती लिथियमवर बऱ्याच जणांना असते. त्या सोमवारी त्यांनी कप उचलला आणि बशीवर कप असा वाजायला लागला की मी औषधांची ट्रॉली सोडून वळून बघितलं. हात जोरजोरात हलत होता, अर्धा चहा बशीत. चालताना पाय रुंद टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या सकाळपासून तीनदा जुलाब झाले, हॉलवर बाथरूमची सोय नव्हती म्हणून दोन दिवस पाणी कमी प्यायले आणि पाय दुखत होते म्हणून दिराने दिलेली दुखण्याची गोळी घेतली, दोनदा. ऊन, पाणी कमी, त्यात तसली पेनकिलर, या तिन्हींनी लिथियम रक्तात साठतं. ड्युटीवरचा मुलगा नवीन रेसिडेंट होता, तो म्हणाला थरथर तर आधीपासून लिहिलीये की फाइलमध्ये. मी म्हटलं डॉक्टर, फाइलमधली थरथर वेगळी, ही वेगळी, तुम्ही एकदा कप धरायला सांगून बघा. त्याने बघितलं, त्याच्या सरांना फोन केला, रात्रीचा डोस थांबवला, रक्त पाठवलं. लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान हवी, दीडच्या वर गेली की विषबाधेची लक्षणं सुरू होतात, त्यांची दोनच्या वर निघाली. सलाईनवर ठेवून वाचल्या. हे ओळखायला मला कुठलं मशीन लागलं नाही, शुक्रवारी तो कप कसा वाजत नव्हता एवढं माहीत होतं. (आणि एक, नेहमीची लेव्हल बघायला रक्त घ्यायचं ते शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी द्यायच्या आधी. गोळी देऊन मग रक्त घेतलं की आकडा फसवतो, नवीन मुलींकडून ही चूक हमखास होते.)

तेव्हा मेड-सर्ज आधी केलंच पाहिजे असा नियम मी मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही जनरल नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री आणि राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेल्या नर्सला मानसिक आरोग्य परिचारिका म्हटलंय, वेगळा डिप्लोमा हवाच असं नाही. थेट जाता येतं. पण कुठल्या वॉर्डात जातेस यावर सगळं आहे, आणि हे मला तुला अगदी कळकळीने सांगायचंय. हॉस्पिटलचं नाव, लॉबीतला संगमरवर, हे सोड. हो म्हणायच्या आधी एकदा तो वॉर्ड बघायला मागायचा, शक्यतो संध्याकाळी, आणि इन्चार्ज सिस्टरशी दहा मिनिटं बोलायचं. रात्रपाळीला तीस पेशंटना किती नर्स असतात? मला पहिली नाईट कधी लागेल आणि माझ्याबरोबर कोण सीनियर असेल? वॉर्डात ऑक्सिजन, सक्शन, इमर्जन्सी ट्रॉली आहे का आणि ती शेवटची कधी तपासली? पेशंटला बांधावं लागलं तर त्याची नोंद कुठे होते, ते मला दाखवाल का? ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) इथेच देतात का, भूलतज्ज्ञ कोण येतात? (भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी द्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे या प्रश्नाला कुणी चाचरलं तर उठून यायचं.) आणि बोलता बोलता आजूबाजूला बघायचं. नर्सेस काचेच्या आतच बसल्यात की पेशंटच्या मधे पण दिसतायत. पेशंटला नावाने हाक मारतात की बेड नंबरने.

दुसऱ्या आठवड्यात एकटीने नाईट सांभाळावी लागेल असं कळलं तर तो वॉर्ड घेऊ नको, आणि तसं असेल तर वर्षभर मेडिसिनचा वॉर्ड कर, आयसीयूच हवं असं नाही उलट जनरल मेडिसिनमध्ये बोलणारे पेशंट भेटतात. मग ये. पण तिथे शिकवणारी एक जरी सीनियर असेल, आणि ती तुझ्या प्रश्नांनी चिडली नाही, तर मी तुझ्या जागी असते तर सोमवारी जॉईन झाले असते. एमएस्सी करायची झाली तरी एक वर्षाचा अनुभव लागतोच, तो याच वॉर्डातला असला तर चांगलंच.

मामाला एकदा घरी सगळे असताना शांतपणे सांग की २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे साधारण दहात एक. आपल्याच घरात, बिल्डिंगमध्ये मोजायला गेलं तर तो आकडा कुणाकुणाच्या चेहऱ्याने समोर येतो ते त्याचं त्याला कळेल.

मी जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, लालबागला राहते. सायकियाट्री वॉर्डात लागून एक महिना झाला. मला मारामारीची भीती वाटत नाही, बोलायची वाटते. एक काका म्हणतात बातम्यांमधली बाई माझ्याबद्दल बोलते, जेवणात काहीतरी घालतात. मी हो म्हणू की नाही म्हणू? आणि जीव द्यायचे विचार येतात का हे विचारलं तर उलट त्यांच्या डोक्यात घातल्यासारखं होईल ना?

हो पण म्हणायचं नाही आणि वादपण घालायचा नाही. हो म्हटलंस तर उद्या ते तुलाच साक्षीला बोलावतील आणि नाही म्हणून पटवायला गेलीस तर तूही त्या लोकांना सामील. जे खरं आहे तेवढंच बोलायचं, 'काका, मला तसं ऐकू आलं नाही, पण तुम्हाला ते ऐकून खूप भीती वाटतेय हे मला दिसतंय, टीव्ही थोडा वेळ बंद ठेवू का?' बस. आवाज हळू, वाक्य छोटं, एका वेळी एकच प्रश्न.

जेवणाचं म्हणशील तर माझ्या पहिल्या वर्षातले एक काका आठवतात, गिरणीतून घरी बसलेले, ८२ च्या संपानंतर जी उमेद गेली ती गेली असं त्यांची बायको सांगायची. तीन दिवस काही खाल्लं नव्हतं, विष घातलंय म्हणून. आम्ही सगळ्यांनी समजावून बघितलं, डॉक्टरांनी पण. मग माझ्या इन्चार्ज सिस्टरनी खालच्या टपरीवरून ग्लुकोजच्या बिस्किटांचा बंद पुडा आणला, त्यांच्या हातात दिला, म्हणाल्या तुम्हीच फोडा. त्यांनी पुडा उलटासुलटा करून बघितला, कडेला भोक आहे का ते बोटाने चाचपलं, फोडला, एक बिस्किट आधी सिस्टरला दिलं. सिस्टरनी खाल्लं. मग त्यांनी खाल्लं. पुढचा आठवडाभर बंद पुडे, सोललेलं नसलेलं केळं, उकडलेलं अंडं सालासकट, असं चालवलं तोवर औषधाने काम सुरू केलं. त्यांना खोटं पाडायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, त्यांना खात्री करून घेता येईल अशी वस्तू हातात दिली. तुझ्या काकांना हेच करून बघ, इन्चार्जना विचारून.

जीव देण्याबद्दल विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, ही भीती नर्सेसमध्ये इतकी घट्ट बसलीये की मी प्रत्येक बॅचला सांगते. ज्याच्या मनात नाही तो नाही म्हणतो, आणि ज्याच्या मनात आहे त्याला कुणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. आडून आडून विचारू नको, 'तसं काही मनात नाही ना?' असं तर अजिबात नको, त्यात तुला नाही ऐकायचंय हे त्याला कळतं. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का, कसं करायचं ते ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. आणि हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडून रिपोर्ट करायला पळायचं नाही, कुणाला तरी तिथे बोलावून मग सांगायला जायचं. ओढणी, पायजम्याची नाडी, चार्जरची वायर, काचेच्या बांगड्या, हे डोळ्याला आपोआप दिसायला लागलं पाहिजे. घरचे पोलिसांच्या भीतीने आधीचा प्रयत्न लपवतात, 'चुकून जास्त गोळ्या गेल्या' म्हणतात. त्यांना सांग की २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे ऐकल्यावर खूप जण मग खरं काय ते सांगतात.

अजून एक, नोट्समध्ये 'पेशंट ओके, नो कम्प्लेंट' लिहायचं बंद कर. 'दुपारी जेवला नाही, खिडकीशी उभा राहून हळू पुटपुटत होता, नावाने हाक मारल्यावर दोनदा दचकला' असं लिही. रात्रीची नर्स तुझ्या त्या ओळीवर पेशंट सांभाळणार असते.

मी मेल नर्स, नालासोपाऱ्याला राहतो. वॉर्डात कुणी पेशंट भडकला की 'ब्रदरला बोलवा'. मला नर्सिंग करायचंय, पण माझं काम पकडायचं आणि बांधायचं एवढंच होऊन बसलंय. गेल्या महिन्यात एकाने चावा घेतला, इन्चार्ज म्हणाल्या सायकियाट्रीत हे चालायचंच.

चालायचं नाही. अरे, आधी तू त्या जखमेचं रीतसर दाखवलंस का? नसेल तर आजच कॅज्युअल्टीला जा, टिटॅनस, हिपॅटायटिस बी, पुढच्या तपासण्या सगळं बघून घे, महिना झाला असला तरी, आणि लेखी इन्सिडेंट रिपोर्ट दे, त्याची प्रत स्वतःकडे ठेव. मी हे एवढं ठासून का सांगतेय, तर माझ्या चौथ्या की पाचव्या वर्षी एका पेशंटने ढकललं आणि माझं मनगट मोडलं, आणि मी तेव्हा जिथे होते त्या हॉस्पिटलने कागदावर लिहिलं की सिस्टर जिन्यावरून पडल्या. मी सही केली. नवीन होते, घाबरले. पुढच्या तीन महिन्यांत त्याच वॉर्डात अजून दोघींना लागलं, आणि कागदावर त्या वॉर्डात कधी काही घडलंच नव्हतं त्यामुळे रात्री एक माणूस वाढवून मागायला आमच्याकडे पुरावा नव्हता. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं.

आता बांधायचं. कायदा यात अगदी स्पष्ट आहे आणि तुझ्या बाजूने आहे. पेशंटला किंवा दुसऱ्या कुणाला लगेच इजा होणार असेल आणि थांबवायचा दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच बांधता येतं, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, सतत कुणीतरी लक्ष ठेवून, का आणि किती वेळ याची नोंद करून, आणि पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच, हे शब्दशः कायद्यात आहे. एकांतात कोंडून ठेवायला बंदीच आहे. हे एका कागदावर लिहून नर्सिंग स्टेशनला चिकटव, तुझ्या एकट्याच्या तोंडून आलं तर भांडण वाटतं आणि भिंतीवर असलं की नियम वाटतो.

आणि तू ब्रदर म्हणून धावत जातोस ना, ते धावत जाणंच आधी बंद कर. चालत जायचं. दोन हात अंतर, अगदी समोर न राहता थोडं तिरकं उभं राहायचं, हात दिसतील असे, पेशंट आणि दार यांच्या मधे यायचं नाही आणि स्वतःलाही कोपऱ्यात अडकवून घ्यायचं नाही. बोलणार एकच जण, बाकीच्यांनी गर्दी हटवायची. बहुतेक वेळा माणूस भडकलेला असतो तो फोन करू दिला नाही, विडी दिली नाही, आई येणार होती ती आली नाही अशा कारणाने, आणि ते कारण सकाळपासून वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून सकाळच्या राउंडनंतर पाच मिनिटं आज कोण अस्वस्थ आहे आणि कशामुळे हे सगळ्यांनी मिळून बोलायची पद्धत पाड, त्यातून निम्म्या हाका कमी होतात हा माझा अनुभव आहे. इन्चार्जना सांग की मला माझे पेशंट वाटून द्या, गोळ्या, बोलणं, नोट्स, सगळ्यासकट. ज्या पेशंटला तू सकाळी दाढी करायला मदत केलीस तो संध्याकाळी तुझं ऐकतो, ज्याने तुला फक्त दोरी घेऊन येताना बघितलंय तो कशाला ऐकेल?

माझी मुलगी सायकियाट्री नर्सिंग करायचं म्हणते. आम्ही गिरगावात चाळीत राहतो, लोक नाही नाही ते बोलतात. तिच्या मनावर परिणाम होणार नाही ना? उद्या स्थळं बघताना सांगायचं काय?

ताई, स्थळं बघताना मुलगी नर्स आहे आणि मानसिक आजारांच्या पेशंटची काळजी घेते असंच सांगा, ज्या घराला याची लाज वाटते तिथे उद्या कुणाला डिप्रेशन आलं तर ते लपवतीलच, ते आधी कळलेलं बरं. आजार लागत वगैरे काही नाही. थकवा मात्र येतो आणि तो वेगळा असतो, अंगाचा नसतो त्यामुळे झोपून जात नाही. नाईट करून घरी आली आणि गप्प असली तर काय झालं काय झालं करू नका, ती पेशंटचं बाहेर सांगू शकत नाही. चहा द्या, जवळ बसा. आणि या कामात कधीतरी असा दिवस येतो की ज्या पेशंटशी काल बोललो त्याने डिस्चार्जनंतर जीव दिला असं कळतं. माझ्या बाबतीत दोनदा आलाय. त्या दिवशी माझ्या आईने मला कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, डोक्याला तेल लावलं आणि मांडीवर झोपवलं, मी तेव्हा ३४ वर्षांची होते. महिना-दोन महिने झाले तरी मुलीची झोप उडालेलीच असेल, रडू थांबत नसेल तर मात्र तिने स्वतः कुणाला तरी दाखवायला हवं, नर्स आहे म्हणून तिला ते कमीपणाचं वाटेल, तुम्ही वाटू देऊ नका.

पुढे काय शिकता येतं, नोकऱ्या कुठे असतात? (हे सात-आठ जणांनी विचारलंय, सगळ्यांना एकत्र.)

वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, दोन वर्षांची एमएस्सी आहे. बंगळुरूचं निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, आसामात तेजपूरची मानसिक आरोग्य संस्था, या मोठ्या सरकारी ठिकाणी जायची संधी मिळाली तर घर सोडून जा, तिथे जेवढे आणि जितक्या तऱ्हेचे पेशंट बघायला मिळतात तेवढे दुसरीकडे नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) मूळ वेतनश्रेणी सातव्या आयोगात ३५,४०० पासून सुरू होते, खाजगीत सुरुवातीला बहुतेकदा त्याच्यापेक्षा बरंच कमी देतात हे धरून चला. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, सगळीकडे सायकियाट्री विभाग आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये नर्सची जागा असते, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवायचं काम बघायचं असेल तर कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेत जाऊन या, २०१८ चा मॅगसेसे त्यांना याच कामासाठी मिळाला. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीला पाठ हवा, पेशंटच्या घरच्यांना डिस्चार्जच्या कागदावर मी तो हाताने लिहून द्यायचे.

मी कुर्ल्याची. परवा सकाळी लेडीज डब्यात आमची एक जुनी पेशंट दिसली, साडी नेसून, डबा घेऊन, मैत्रिणींबरोबर ऑफिसला चाललेली. मला इतका आनंद झाला की हाक मारणार होते, मग थांबले. बरोबर केलं का? ती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती असं वाटलं आणि जरा वाईटपण वाटलं.

अगदी बरोबर केलंस. तू हाक मारली असतीस तर दादर यायच्या आत मैत्रिणींनी विचारलं असतं ही कोण, कुठे ओळख झाली, आणि तिला त्या भरल्या डब्यात खोटं बोलावं लागलं असतं. तिच्या आजाराची गुप्तता हा तिचा कायद्याने हक्क आहे, आणि आपली ओळख हासुद्धा त्या आजाराचाच भाग असतो. तिने आधी बघितलं, हसली, तर आपण हसायचं, ती बोलली तर बोलायचं, तेही तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत का असलं काही नाही, गाडी लेट आहे ना आज, एवढंच. सगळ्या पेशंटना मी डिस्चार्जच्या दिवशीच सांगायचे की बाहेर दिसलात तर मी ओळख दाखवणार नाही, राग मानू नका, तुम्ही हात केलात तर मी नक्की करीन. तूही उद्यापासून सांगायला लाग.

आणि वाईट वाटून घेऊ नको गं. एकदा परळच्या पुलावर माझी एक पेशंट अशीच समोरून आली, कडेवर लहान मूल, बरोबर नवरा. माझ्याकडे बघितलंच नाही. बाजूने जाताना मात्र तिने मुलाचा हात धरून हलवला, माझ्या बाजूला, टाटा केल्यासारखा, आणि नवऱ्याशी बोलत बोलत पुढे निघून गेली.